फळीचा चौथा कोपरा

॥ श्री ॥
मेलकावेरी, कुंभकोणम
ता. १२ फेब्रुवारी १९५०

चि. शामसुंदर यास नरसिंहकाकाचे अ. उ. आ.

वि. वि. खडकीच्या लष्करी इस्पितळातून तू धाडलेले पत्र काल पोचले. उत्तर लिहायला दारापुढच्या तिण्णैवर बसलो तो वरच्या ओळीतच अडलो. गेले वर्षभर या घरात तुझ्या नावामागे कै. लावतात. आज ते सोडून पुन्हा चि. लिहिले. पंचवीस वर्षे पोरांच्या संस्कृत वह्या तपासतो आहे. इतकी सुखाची दुरुस्ती कधी केली नव्हती.

तू विचारतोस, घरी सर्व खुशाल ना? आम्ही खुशालच आहो रे. मेलेला तू होतास.

हे कसे जाहले ते सांगणे प्राप्त आहे. सरकारी तार आली तिच्यात एवढेच होते की तू काश्मीरच्या मोहिमेत बेपत्ता आहेस. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी असे शास्त्र आहे, आणि ते ऐकवून मी सर्वांना गप्प बसवले. मग काही महिन्यांनी तंजावरचा एकोजी कुबडीवर दारात आला. तू पाठीवर घालून आणलास तोच हा. एक पाय गुडघ्याखाली नाही, तशात गाडीची गर्दी सोसून आला, केवळ हे सांगायला की तुला तोफगोळ्याखाली जाताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. प्रत्यक्ष पाहणारा समोर उभा राहिला की बारा वर्षांचे शास्त्र गळून पडते. ज्याला तू वाचवलेस त्यानेच प्रामाणिकपणे तुला मारले. मी त्याला दोष देत नाही. खोटे बोलता न येणारी माणसे अशीच धोक्याची असतात.

आपले उपाध्याय चंद्रमौळी वाद्यार यांनी पालाशविधी सांगितला. देह नाही म्हणून पळसाच्या पानांचा माणूस रचला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि कावेरीच्या काठी मी त्याला अग्नी दिला. नारळ काही केल्या फुटेना. तेव्हाच ओळखायला हवे होते की हे डोके आपल्या शामसुंदराचे आहे, ते इतक्यात ऐकायचे नाही. तेराव्याला तुझ्या आवडीच्या पोळ्या केल्या. तुझ्या वाटच्या मी खाल्ल्या. त्या अजून पचल्या नाहीत.

अंबुजेचे तू विचारले नाहीस. विचारायला भ्यालास असे दिसते, म्हणून लिहितो. तिचे मंगळसूत्र आणि कुंकू त्या दिवशी गेले. गंगाआत्या न्हाव्याला बोलावणे धाडून बसली होती. तिचे स्वतःचे केस अठराव्या वर्षी गेले. तिला दुसरे काही सुचत नाही. मी शास्त्रातून एक आडवळणाचा अर्थ काढला, की पानांच्या माणसाला अग्नी दिला असता बायकोच्या केसांना हात लावू नये. असा अर्थ खरोखर निघतो काय, हे कोणी विचारले नाही. संस्कृताचा जन्मात एकदा उपयोग व्हावा, तो झाला.

आता अडचण अशी. तू जिवंत आहेस असे कळताच तुझ्या गोमतीकाकूने अंबुजेपुढे कुंकवाचा करंडा धरला, आणि वाद्यारांनी हात आडवा केला. ज्याचे दहन झाले तो परत आला तर त्याने आधी पुन्हा जन्मले पाहिजे. त्याला तुपाने न्हाऊ घालायचे, मग जातकर्म, बारसे, मुंज, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. तोवर तू या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नाहीस आणि ती कुंकू लावू शकत नाही. मी वाद घातला. पण वाद्यारांना तुझी आत्या सामील, आणि थोरल्या बहिणीपुढे माझे शास्त्र टिकत नाही.

तेव्हा सुटी मिळताच ये. तुझी बहीण विजयलक्ष्मी बंगळुरास आहे, तिला सहावा महिना आहे. या कुळात यंदा दोन जन्म होतील असे मी तिला कळवले आहे. मिशी मात्र उतरवावी लागेल. मुंजा मुलाला ती शोभत नाही.

आम्ही सगळे थकलो आहो. तुझा लोभ मेल्यावरही कमी झाला नाही, आता जिवंतपणी करू नकोस.

तुझा
नरसिंहकाका


॥ श्री ॥
लष्करी इस्पितळ, खडकी
ता. ३ मार्च १९५०

ती. नरसिंहकाकांस शामसुंदराचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. आपण हसवायचा यत्न केलात, थोडे हसलो. येथल्या परिचारिका पुणेकर. माझे तंजावरी मराठी ऐकून एक म्हणाली, तुम्ही जुन्या बखरीतून उठून आलात की काय. मी म्हणालो, उठून आलो खरा, पण बखरीतून नव्हे.

काका, मी येत नाही. जे झाले ते तसेच राहू द्यावे. पुन्हा जन्मायचे तर अंगात जोर लागतो, तो माझ्यात उरला नाही. उजवा खांदा वर होत नाही. झोप नाही. डोळा लागला की कोणीतरी हाक मारते. उठून बसावे तो वॉर्डात सगळे घोरत असतात. डॉक्टर औषध देतात. त्याने मी बधिर होतो, निजत नाही.

एकोजीने तुम्हाला मी ओढून आणलेल्या तिघांची गोष्ट सांगितली असेल. मला तिघे आठवत नाहीत, चौथा आठवतो. नाचियार्कोविलच्या पितळी दिवे ओतणाऱ्यांचा सुब्रह्मण्य. मी पोचलो तेव्हा तो बोलत होता. गोळा पडला त्या धक्क्याने आम्ही दोघे एका घळीत गेलो. मला एकच हात चालत होता. त्याला उचलता येईना, आणि सोडून येववेना. पहाटे शत्रूचे लोक आले आणि दोघांना घेऊन गेले. त्यांच्या डॉक्टरने मनापासून केले, तरी सुब्रह्मण्य गेला. मी त्यांच्या कैदेत राहिलो, तो यंदा सुटलो. त्याच्या घरी सरकारी कागद गेला आहे, माणूस कोणी गेलेला नाही. ते काम माझे. तेही माझ्याने होत नाही.

असा मी तेथे येऊन बाळ व्हावे, आणि तुम्ही माझे बारसे करावे? नको. अंबुजा मोकळी आहे असे समजा. तिला तिरुविडैमरुदूरला तिच्या वडिलांकडे पोचवावे. हुशार आहे, शिकू द्यावे. तुपाचाही नाश वाचेल.

आपला लोभ मी वाया घालवतो आहे हे कळते. तरी असू द्यावा.

आपला
शामसुंदर


॥ श्री ॥
मेलकावेरी, कुंभकोणम
ता. १९ मार्च १९५०

चि. शामसुंदर यास अ. उ. आ.

वि. वि. तुझे पत्र मी स्वयंपाकघरात गोमतीला वाचून दाखवले. दाराआड अंबुजा तांदूळ निवडत बसली आहे हे मला फार उशिरा दिसले. तिरुविडैमरुदूरचे वाक्य तोवर वाचून झाले होते. तांदळातले खडे डब्यात असे वाजू लागले की मी कापीचा पेला अर्धा टाकून तिण्णै गाठली.

तुला तिघे आठवत नाहीत म्हणतोस. बरे, मी आठवण करून देतो. एकोजी आता वरचेवर येतो, आणि दर वेळी तीच हकीकत सांगतो, आणि आम्ही दर वेळी नवी असल्यासारखी ऐकतो. उतारावर झाड नाही, दगड नाही. समोरच्या टेकाडावरून बंदुका चाललेल्या. चौघे उघड्यावर पडलेले. साहेबाचा हुकूम की अंधार पडेतो कोणी हलू नये. तू पाठीवरचे ओझे उतरवलेस, आणि एकोजी म्हणतो, जणू कावेरीत उतरतो आहे अशा बेताने पोटावर पडून निघालास. मदुरेच्या गड्याला काखेत दोर घालून ओढत आणलेस. पालघाटच्याला तसेच. पुन्हा गेलास तो एकोजीसाठी. त्याला पाठीवर घेतलेस, आणि वाटभर त्याला एकच प्रश्न विचारीत राहिलास, घरी कोण कोण आहे? तो गप्प झाला की मांडीला चिमटा काढायचास. शुद्ध जाऊ नये म्हणून त्याने आई, भाऊ, आत्या सांगितल्या, मग माणसे संपली तेव्हा आत्याची म्हैस सांगितली. मध्येच त्याच्या छातीला ऊन ऊन लागले. त्याला वाटले आपलेच रक्त. ते तुझ्या खांद्याचे होते. त्याला खंदकात ठेवलेस, घोटभर पाणी प्यालास, आणि एका हाताने सरपटत चौथ्याकडे निघालास. साहेब मागून ओरडत होता. मग गोळा, मग धूळ. धूळ बसली तेव्हा तेथे कोणी नव्हते. एकोजीने पाहिले ते खोटे नव्हते. घळ तेवढी त्याला दिसली नाही.

हे मी तुझी स्तुती म्हणून लिहीत नाही. स्तुतीने तू फुगणार नाहीस आणि मला सवय नाही. एवढेच म्हणतो की चौथा राहिला हे जितके खरे, तितकेच ते तिघे जेवतात-खातात हेही खरे. तू जिवंत आहेस हे एकोजीला सांगितले तेव्हा तो पायरीवर बसून आधी हसला, मग डोक्यावर हात मारून घेऊ लागला, की ज्याने मला वाचवले त्याची चिता मी रचवली. आता त्याने हट्ट धरला आहे. वाद्यार म्हणाले, जन्मलेले मूल चालत नसते, तेव्हा न्हाणानंतर तुला अंगणातून ओसरीपर्यंत उचलून न्यावे लागेल. एकोजीने मदुरेला आणि पालघाटला पत्रे टाकली; उचलायचे तर आम्हीच उचलू. त्यावर गंगाआत्या म्हणते, तीन माणसे अशुभ. चौथा घ्यावा तर म्हणते, चौघांनी खांद्यावर घेतलेली ती तिरडी. असे सगळे अडले आहे. तू नाही म्हणालास याकडे कोणाचे लक्षच नाही, कारण जन्माला येणाऱ्याचे मत घ्यायची आपल्यात रीत नाही. माझेही कोणी घेतले नव्हते.

अंबुजेने माझ्याजवळ कागद मागितला. तिचे पत्र याच पाकिटात आहे. मी वाचलेले नाही. वाचलेस तर कापी बंद, असे गोमतीने सांगून ठेवले होते.

उत्तर धाड. लोभ तुझ्या खांद्यासारखा नसावा. थोडा वर उचलावा.

तुझा
नरसिंहकाका


कुंभकोणम
ता. १९ मार्च १९५०

श्री. शामसुंदर यांस अंबुजेचा नमस्कार.

मायना चुकला असे वाटेल. चुकला नाही. बायकोने नवऱ्याचे नाव घेऊ नये, लिहू नये. पण वाद्यार म्हणतात, पुन्हा लग्न होईतो तुम्ही माझे कोणी नव्हे. मग नावाला हरकत काय? शामसुंदर. लग्नाला सात वर्षे झाली, हे नाव मी आज पहिल्यांदा लिहिले. शामसुंदर. सवय होईलसे वाटते.

माझे कसे चालले आहे ते काका लिहिणार नाहीत. सकाळी गंगाआत्या मला समोर येऊ देत नाहीत, कारण मी विधवा. दुपारी त्याच म्हणतात, नवरा जिवंत असता असे पांढरे कपाळ घेऊन फिरू नकोस. शेजारच्या डोहाळजेवणाचे बोलावणे उंबऱ्यापर्यंत आले आणि तेथूनच परत गेले. बोलावणारीला कळेना, मला हळदकुंकू द्यावे की तोंड चुकवावे. मी रागावले नाही, दमले आहे. तुम्ही दमलात तशीच. तुम्हाला दमून पडायला खाट तरी आहे. मी उंबऱ्यावर उभी आहे.

मी मोकळी आहे असे तुम्ही लिहिलेत. मला विचारले नाहीत. पहिल्या लग्नातही कोणी विचारले नव्हते, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलीला काय विचारायचे. आता पुन्हा लग्न व्हायचे असेल तर या खेपेस मला विचारावे, अशी माझी अट आहे. तुम्ही येऊन विचारा. हो म्हणेन की नाही ते मी तेव्हा बघेन.

एकोजींकडून ऐकले की थांबायचा हुकूम असता तुम्ही गेलात, कारण माणसे उघड्यावर पडली होती. शामसुंदर, आणखी एक माणूस उघड्यावर पडले आहे. येथे गोळ्या चालत नाहीत. पोटावर सरपटायला नको. आगगाडीत बसायचे आहे, एवढेच.

सुब्रह्मण्यांच्या घरी आपण जाऊ. नाचियार्कोविलला आपल्या येथून बस आहे. त्यांच्या आईपुढे तुम्हाला शब्द फुटला नाही तर मी बोलेन. रडणाऱ्या बायकांत बसायचा मला वर्षभराचा सराव झाला आहे.

शेवटी लोभ असावा असे लिहितात. तो आहे की नाही हे तुम्ही येऊन सांगा, मग पुढचे.

अंबुजा


॥ श्री ॥
खडकी
ता. ५ एप्रिल १९५०

ती. काकांस सा. न. वि. वि.

अंबुजेला निराळे पत्र लिहायची हिंमत नाही, म्हणून हे आपणांस. मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. सुटी मंजूर झाली.

घरी मला येता येणार नाही, तर एकोजीबरोबर विठ्ठलाच्या देवळातल्या ओवरीत राहीन. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबुजेला नाचियार्कोविलच्या बसपाशी पाठवावे. आत्याला आधी सांगू नये.

तूप, बारसे, मुंज, काय म्हणाल ते करतो. मिशी उतरवली. एकच मागणे. मला कोणी उचलू नये. उचललेल्या माणसाला कळत असते की खालच्याचा जीव आपल्यापायी जातो आहे. त्या तिघांना कळत होते, मी त्यांचे डोळे पाहिलेत. मला कोणाच्या अंगावर भार टाकायचा नाही. मी चालत जाईन. नाहीतर मी तसाच परत फिरेन.

लोभ असावा. येथे अजून झोप नाही.

आपला
शामसुंदर


॥ श्री ॥
मेलकावेरी, कुंभकोणम
ता. १० मे १९५०

चि. सौ. विजयलक्ष्मी हिस नरसिंहकाकाचे अ. उ. आ., आणि नव्या पाहुणीस दोन जास्त.

वि. वि. तुला मुलगी जाहली ही तार काल आली. तू येथे नव्हतीस याची हळहळ करू नकोस. आमचे मूलही आजच सकाळी जन्मले, सविस्तर लिहितो.

शामसुंदर ठरल्याप्रमाणे आला. वाळला आहे. मिशीवाचून तो तुझ्या आईसारखा दिसतो हे कोणाच्या ध्यानात नव्हते. गोमतीने लांबूनच पाहिले आणि आत निघून गेली. तो आणि अंबुजा नाचियार्कोविलला जाऊन आली. तेथे काय बोलणे झाले ते दोघेही सांगत नाहीत. सुब्रह्मण्याच्या बापाने नुकताच ओतलेला, अजून घासायचा राहिलेला दिवा दिला, तो दोघांनी मिळून धरून आणला. गोमतीला अंबुजेकडून एवढेच कळले की येताना बसमध्ये शामसुंदराने तिला विचारले, नेमका त्याच वेळी कंडक्टर तिकीट मागत होता, आणि तिने दोघांनाही थांबा म्हटले.

आज मागच्या अंगणात वाद्यारांनी विधी मांडला. हंडाभर तूप कोठून आणायचे? पळीपळीने डोक्यावर घातले, त्यात तो निथळला. त्याने वाचवलेले ते तिघेही हजर होते. झोपाळ्याची फळी कड्यांतून काढून ठेवली होती. न्हाण झाले तसा तो उठून चालू लागला. वाद्यार ओरडले. तो म्हणाला, काकांना मी लिहिले होते. मी म्हणालो, लिहिले होते खरे. मग एकोजी कुबडी टेकीत त्याच्यापुढे आला आणि म्हणाला, की त्या दिवशी मलाही उचलून घ्यायचे नव्हते, मी सोड म्हणालो तर चिमटा काढलास. आज तू गप्प पड. शामसुंदराने त्याच्याकडे पाहिले, तिघांकडे पाहिले, आणि फळीवर आडवा झाला. वाद घालायचे त्राण नव्हते असे वाटते. विजू, माणूस किती दमलेला असावा.

तिघांनी तीन कोपरे धरले. चौथा जमिनीला टेकलेला. मी पुढे झालो तशी तुझी गंगाआत्या कडाडली, चौथा पुरुष लागला की तिरडी होईल, माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा नको. फळी कलंडू लागली, तो घसरू लागला, तुपाने आधीच निसरडा. तेवढ्यात अंबुजा पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचून आली आणि चौथा कोपरा तिने उचलला.

वाद्यारांनी विचारले, ही कोणत्या नात्याने? आज ती त्याची कोणी नव्हे. मी म्हणालो, तिरडीला स्त्रिया खांदा देत नाहीत हे शास्त्र. तेव्हा जिला स्त्रीचा हात लागला ती तिरडी असूच शकत नाही. हे वचन कोठले, असे वाद्यार विचारणार होते. पण त्याआधीच गंगाआत्या म्हणाली, फळी आता सपाट आहे, उभे काय राहिलात, चला. पुढे कोणी काही विचारले नाही.

अंगण ते केवढे, पण एकोजीच्या कुबडीच्या चालीने चालायचे. निम्म्यात शामसुंदराचे डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. तेव्हा एकोजीने विचारले, घरी कोण कोण आहे? पुन्हा विचारले. चिमटा काढायला हात मोकळा नव्हता, नाहीतर काढला असता. मग तो हळूहळू सांगू लागला. काका, काकू, आत्या, बंगळुरास विजू आणि तिची मुलगी. मग म्हणाला, सुब्रह्मण्य नाही. एकोजी म्हणाला, नाही. आणखी कोण? त्याने डोळे न उघडता विचारले, पायाकडच्या कोपऱ्याला कोण आहे, फार थरथरतो आहे तो कोपरा. तर अंबुजेने आपले नाव सांगितले. तो ते नाव मोठ्याने म्हणाला, चारचौघांत, अगदी नीट.

ओसरीवर गोमतीच्या मांडीवर त्याचे डोके ठेवले आणि तो हलेना. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. एकदा पानांचा माणूस जाळलेला हात तो, त्याचा मला भरवसा वाटेना. गंगाआत्याने वाकून त्याच्या नाकापाशी बोट धरले. आणि मग त्याने असे घोरायला आरंभ केला की ओट्यावरची चिमणी उडाली.

बारशाची वेळ टळली. वाद्यार घड्याळ काढून बसले. त्यांनी उठवू का म्हणून विचारले, तर अंबुजा म्हणाली, नुकत्या जन्मलेल्याला उठवत नाहीत. मुंजीची वेळ गेली. मग ते जरा चिडूनच म्हणाले, अशाने उद्याचा लग्नाचा मुहूर्तही हातचा जाईल. तिने पंखा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाली, मी बसमध्ये हो म्हटले आहे, मुहूर्त कोठे जात नाही.

गोमतीची मांडी केव्हाची बधिर झाली आहे, पण ती हलत नाही. ते तिघे तिण्णैवर जेवणासाठी थांबले आहेत. आत्या कुंकवाचा करंडा घासते आहे, आणि मी हे तुला लिहितो आहे. उत्तर सावकाश धाड. लोभ आहेच, मोठ्याने लिहीत नाही. घरात मूल निजले आहे.

तुझा
नरसिंहकाका